आजीचं ताट, नातीचं वजन

मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या अंडाशयात आयुष्यभराची स्त्रीबीजं तयार होतात. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला ती साठ-सत्तर लाख असतात. जन्मताना दहा-वीस लाख उरतात. म्हणजे गरोदर बाई जेवायला बसते तेव्हा त्या ताटाभोवती लेक आणि नातीचं बीजही असतं.

आता वाळवा किंवा कराडच्या ऊसफडात या. नोव्हेंबरपासून बीडकडच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मुकादमाकडून बहुतेक नवऱ्याच्या हाती पडते, मजुरी टनावर. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून दिवस गेलेली बाईही फडात असते. पहाटेच्या भाकरी तिच्याच हातच्या, पण जेवायची पाळी शेवटी.

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय. तो टाळायला प्रत्येक गरोदर बाईला 60 मिलिग्रॅम लोहाची गोळी, रोज एक, 180 दिवस; रक्तक्षय असेल तर रोज दोन. पण नाव गावच्या अंगणवाडीत आणि बाई फडात, त्यामुळे साखळी तुटते. गोळी मिळालीच तर चहाबरोबर घेतली जाते, आणि चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. तासाभराचं अंतर ठेवावं. जेवणात लिंबू असेल तर उत्तम.

फडाचा मालक कोण आणि तोडणारा कोण, ही रेघ सातबाऱ्यावर आहे. ती जातीच्या रेघेला बरीचशी धरूनच चालते. पण बागायत आली म्हणून मुलगी तरली असं नाही. 2001 च्या जनगणनेत सांगलीत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 851 मुली होत्या. सोनोग्राफी परवडणाऱ्या घरांचा यात हात नाही, असं कोण म्हणेल? शेजारच्या साताऱ्यात 2011 मध्ये अडीचशेहून अधिक ‘नकुसां’ना नवी नावं द्यावी लागली.

जगलेली मुलगी अर्धपोटी वाढली की उंची खुंटते, मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत. पुढे 145 सेंटीमीटरखालच्या आईचं बाळंतपण जोखमीचं धरतात, आणि तिचं बाळ अडीच किलोच्या आत भरण्याची शक्यता वाढते. तेव्हा गरोदरपणातल्या गोळीने रक्त सुधारतं, उंची नाही.

रक्त सुधारण्याची त्याआधीची एक संधी म्हणजे किशोरींना शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी. पण तोडणी कामगाराची बारा वर्षांची लेक तोडणीच्या दिवसांत फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, धाकट्याला सांभाळत असते.