दोन बुर्दा, आणि चादर नेमकी कुणाला मिळाली

‘मौला या सल्ली व सल्लिम’ हे ध्रुपद लावून गातात ती बुसीरीची ‘बुर्दा’, पैगंबरांच्या स्तुतीची अरबी कविता. तिच्या प्रत्येक व्हिडिओखाली कुणीतरी हमखास लिहितंच की ही कविता ऐकून पैगंबरांनी कवीला स्वतःच्या अंगावरची चादर दिली. अहो, बुसीरी इजिप्तचा, तेराव्या शतकातला, पैगंबर जाऊन सहाशेच्या वर वर्षं झालेली! प्रत्यक्ष चादर, म्हणजे बुर्दा, मिळाली ती पैगंबरांच्याच काळातला कवी कअब बिन झुहैरला, मदिनेत, इ.स. 630 च्या आसपास, ‘बानत सुआद’ ही आपली कविता म्हणून दाखवल्यावर. बुसीरीला ती स्वप्नात मिळाली, लकवा मारलेला होता आणि जागा झाला तो बरा होऊनच, असं तो स्वतः सांगतो. म्हणून दोन्ही कवितांना बुर्दाच म्हणतात. बुसीरीचे 160 शेर तुम्ही ऐकलेलेच असणार, तेव्हा पुढे.

खरी गोची अशी की एवढं माहीत असलेले लोकही दोन्ही कवितांना सरसकट भक्तिकाव्य म्हणून मोकळे होतात. कअब भक्त म्हणून आलाच नव्हता. त्याने पैगंबरांविरुद्ध कविता केलेल्या, जीव घ्यायचा हुकूम निघालेला, आणि हा समोर उभा राहून गातोय काय तर सोडून गेलेली प्रेयसी सुआद, मग उंटीण, तिची मान, तिची चाल... नमनालाच घडाभर तेल! पण तीच जुन्या अरबी कसीद्याची, म्हणजे लांबलचक स्तुतिकवितेची, रीत. आणि सुआद तिथे उगाच नाहीये, ती शब्द न पाळणारी, आणि तिच्या उलट, निम्मी कविता उलटल्यावर ज्यांच्याकडून माफीची आशा आहे ते पैगंबर येतात. सौदा सरळ आहे, कविता घ्या, जीवदान द्या.

बुसीरीला जीवदान नकोय, शफाअत हवीय, कयामतच्या दिवशी आपल्यासाठी कुणीतरी रदबदली करावी. म्हणून त्याच्याकडे सुआदच नाही. ‘झू सलम’च्या शेजाऱ्यांची आठवण आहे, हिजाझकडची, म्हणजे मक्का-मदिनेच्या मुलखातली, ठिकाणं आहेत, म्हणजे विरह आधीपासूनच पैगंबरांचा. आणि उंटिणीच्या जागी तो स्वतःच्या नफ्सला, म्हणजे हावरट मनालाच झोडपतो, मन म्हणजे तान्हं पोर, दूध तोडलं नाही तर पीतच राहणार. भक्ती म्हणायची तर ही.

मला विचाराल तर कविता म्हणून कअबच भारी, जीव गळ्याशी आलेल्या माणसाची आहे ती. आणि हो, ते ‘मौला या सल्ली’ ध्रुपद बुसीरीच्या त्या 160 शेरांमध्ये नाहीचये, ते गाताना जोडतात.