फाइलच्या नावातील विशेष चिन्हांमुळे येणाऱ्या त्रुटी

फाइल शाबूत असूनही नावातल्या एखाद्या चिन्हामुळे सॉफ्टवेअरला ती उघडता किंवा साठवता न येणे, हा संगणकावर सर्रास आढळणारा दोष. पडद्यावर बहुधा ‘फाइल सापडली नाही’ एवढेच उमटते. संशय डिस्कवर जातो आणि नाव तपासायचे राहून जाते.

विंडोजला नावात प्रश्नचिन्ह, तारांकन, अपूर्णविराम, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ, दोन्ही तिरक्या रेघा आणि कोनी कंस चालत नाहीत. लिनक्सला तिरकी रेघ व शून्य बाइट (शून्य मूल्याचे, न दिसणारे चिन्ह) सोडून सारे चालते; त्यामुळे तिथे तयार झालेली फाइल विंडोजवर नेताना अडते.

मराठी नावांची अडचण याहून खोल आहे. युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारे प्रमाण) न जाणणारे जुने प्रोग्रॅम विंडोजच्या कोडपेजवर, म्हणजे ठरावीक अक्षरांच्या मर्यादित तक्त्यावर, चालतात आणि देवनागरीसाठी असे प्रणालीचे कोडपेज नाही. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे पडतात, आणि प्रश्नचिन्ह तर निषिद्धच. वापरकर्त्याच्या फोल्डरचे नाव देवनागरीत असेल, तर अशा प्रोग्रॅममध्ये आतली इंग्रजी नावाची फाइलही उघडत नाही. म्हणून तपासताना फाइलच्या नावासोबत पूर्ण मार्ग (ड्राइव्हपासून फाइलपर्यंतची फोल्डरांची साखळी) पाहावा. लांबीही नडते: यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेते आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलप्रणालीत (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. पत्राचा अख्खा विषय नाव म्हणून दिला की ती सहज ओलांडली जाते.

सर्वांत फसवा प्रकार ‘ऱ्या’चा. ‘शेतकऱ्यांची यादी’ यातला ‘ऱ’ एका संकेतांकाने, ‘र’ आणि नुक्त्याने (अक्षराखालच्या टिंबाने), किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्हाने लिहिता येतो. डोळ्यांना तिन्ही सारखे. संगणकाला तीन वेगळी नावे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करूनच साठवत असे. एनएफसी सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका ठरावीक रूपात आणण्याच्या युनिकोडच्या रीतीने, पहिले दोन एक होतात. जोडचिन्हाचे रूप मात्र वेगळेच राहते, ते हाताने बदलावे लागते.

निदानाची खात्रीची रीत म्हणजे फाइलची प्रत ड्राइव्हच्या मुळाशी (कोणत्याही फोल्डरच्या आत नव्हे), साध्या रोमन अक्षरांच्या छोट्या नावाने ठेवून उघडणे. उघडली, तर दोष नावात किंवा मार्गात आहे. लिनक्सवर नाव टाइपच करता येत नसेल, तर फाइलचा आयनोड क्रमांक (प्रणालीने फाइलला दिलेला अंतर्गत क्रमांक) काढून ‘फाइंड’ आज्ञेने त्या क्रमांकावरून नाव बदलता येते.