सूर्याची सावली आणि वसईचा होका

जीपीएस, जायरो (चुंबकाशिवाय उत्तर दाखवणारं होकायंत्र) असं सगळं हाताशी असतानाही जहाजावरचा ऑफिसर वॉचमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीत, निदान एकदा सूर्याचं बेअरिंग घेतो, म्हणजे होकायंत्रावर त्याची दिशा अंशांत वाचतो, ते गणिताने आलेल्या दिगंशाशी, म्हणजे सूर्याच्या खऱ्या दिशेशी, ताडतो आणि होकायंत्राची चूक वहीत लिहितो. या रिवाजाची पहिली मोठी कसोटी लागली ती गोव्याच्याच वाटेवर, १५३८ साली.

सुई नेमकी उत्तर दाखवत नाही हे खलाशांना त्याआधीच ठाऊक होतं. ती किती ढळते ते मोजायला पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनिश याने सावलीचं यंत्र सुचवलं. अंश कोरलेली आडवी तबकडी, तिच्यात होका म्हणजे होकायंत्र, मधोमध उभी सळई. सकाळी सूर्य ठरावीक उंचीवर आला की सळईची सावली कुठे पडली ते टिपायचं, दुपारनंतर तो त्याच उंचीला उतरला की पुन्हा टिपायचं. समजा, सकाळची सावली सुईच्या पश्चिमेला ६० अंशांवर पडली आणि दुपारची पूर्वेला ५० वर. खरी उत्तर दोन्हींच्या बरोबर मध्ये, म्हणजे सुई ५ अंश पूर्वेकडे ढळलेली. ना अक्षांश हवा, ना कोष्टकं.

लिस्बनहून गोव्याला निघालेल्या जुआंव द कास्त्रू या पोर्तुगीज दर्यावर्द्याने हे यंत्र वाटभर वापरून चाळीसहून अधिक नोंदी केल्या. सुई किती ढळते ते मोजलं की रेखांश हाती येईल, अशी तेव्हा अनेकांना आशा होती. कास्त्रूच्या आकड्यांपुढे ती टिकली नाही. जवळ तोफ असली की सुई बहकते, हेही त्याने हेरलं.

वसईजवळ मात्र आकडे काही केल्या जुळेनात. कास्त्रूने दोष दिला खडकांना, आणि मला तो पटतो. कोकणचा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतंच. सूर्य एकूण चूक चोख सांगतो. ती पृथ्वीची, जहाजाची की खालच्या खडकाची, हे ज्याचं त्याने शोधायचं.

जहाजाच्या लोखंडाचा वाटा ब्रिटिश दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०१ ते १८०३च्या सफरीत नीट अभ्यासला. १८३८ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरीने ‘रेनबो’ या लोखंडी आगबोटीवर होक्याजवळ चुंबक आणि लोखंड ठेवून तो परिणाम बराचसा घालवला. उरलेली चूक काढायला पुन्हा सूर्यच. उगवती-मावळतीला बेअरिंग घ्यायचं तर बिंबाची खालची कड क्षितिजावर टेकलेली चालत नाही. ती क्षितिजापासून बिंबाच्या व्यासाच्या साधारण दोन-तृतीयांश वर दिसायला हवी, कारण हवा किरण वाकवून सूर्याला आहे त्याहून वर दाखवते.