अनौपचारिक सागरी सुरक्षा भागीदारी

वादग्रस्त समुद्रात दोन किंवा अधिक राष्ट्रांनी लष्करी युतीचा करार न करता चालवलेले संरक्षणविषयक सहकार्य. एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने युद्धात उतरलेच पाहिजे, असे बंधन त्यात नसते. संयुक्त सराव, गस्त, जहाजांच्या हालचालींची माहिती आणि मित्रदेशाच्या बंदरात इंधन भरण्याची मुभा यांवर ते चालते.

दक्षिण चीन समुद्र हे अशा भागीदारीचे आजचे मुख्य क्षेत्र. नकाशावरील नऊ तुटक रेषांच्या आधारे चीन या समुद्राच्या बहुतांश भागावर हक्क सांगतो. १२ जुलै २०१६ रोजी हेगच्या लवादाने त्या ऐतिहासिक हक्कांना कायदेशीर आधार नसल्याचा निकाल दिला. चीनने तो मानला नाही. सेकंड थॉमस शोल या प्रवाळबेटावर फिलिपिन्सने १९९९ मध्ये ‘सिएरा माद्रे’ ही दुसऱ्या महायुद्धातली नौका मुद्दाम रुतवून ठेवली. गंजून भोके पडलेल्या त्या नौकेवर मूठभर सैनिक राहतात. त्यांना शिधा पोचवणाऱ्या बोटींवर चिनी तटरक्षक दलाने अनेकदा पाण्याचा मारा केला आहे. १७ जून २०२४ च्या झटापटीत तर चिनी जवान कुऱ्हाडी-सुरे घेऊन आले आणि एका फिलिपिनो नौसैनिकाने अंगठा गमावला. अमेरिका-फिलिपिन्स संरक्षण करार १९५१ पासून आहे. पण अशा प्रसंगाला सशस्त्र हल्ला म्हणायचे का, इथेच तो अडतो. अशा वेळी सैल सहकार्य कामी येते. २०२४ च्याच एप्रिलमध्ये अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि फिलिपिन्स यांच्या नौदलांनी या समुद्रात एकत्र सराव केला होता.

भारताचा सहभाग असलेल्या ‘क्वाड’चे मूळ २००४ च्या त्सुनामीनंतरच्या मदतकार्यात आहे. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाची पहिली बैठक २००७ मध्ये मनिलात झाली. ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये अंग काढून घेतले, तेव्हा गट थंडावला. २०१७ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्याला सनद नाही, कायम सचिवालय नाही. एका सरकारचे मन फिरले की सारे थांबते, हा या पद्धतीचा खरा कच्चा दुवा.

तरीही भारत बांधील युती टाळतो, आणि कोल्हापूरचा इतिहास माहीत असलेल्याला ते पटावे. करवीर राज्याला एके काळी समुद्र होता. सिंधुदुर्ग आणि मालवण बंदर कोल्हापूरकर छत्रपतींकडे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिले, पुढे पैसे घेऊन परत केला. १८१२ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने परचक्रापासून संरक्षणाची लेखी हमी दिली. त्या हमीपायी मालवण बंदर गेले, किल्ला गेला आणि कंपनीला न विचारता युद्ध करण्याचा अधिकारही गेला.

कागदावर फारसे न बांधताही काम होते, याचे चांगले उदाहरण मलाक्काच्या सामुद्रधुनीत सापडते. चाचेगिरी वाढल्यावर २००४ मध्ये इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांनी समन्वित गस्त सुरू केली. प्रत्येक नौदल आपापल्याच हद्दीत राहिले. पुढल्या वर्षी हवाई टेहळणीची जोड मिळाली, २००८ मध्ये थायलंड आला. लंडनच्या विमा बाजाराने २००५ मध्ये या सामुद्रधुनीला युद्धजोखमीच्या, म्हणजे जहाजांना जादा विमाहप्ता पडू शकतो अशा भागांच्या, यादीत टाकले होते. २००६ मध्येच ती यादीतून वगळण्यात आली.