चष्मा घरी पाठवू नका

आजींच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. दुसऱ्या रात्री दोन वाजता त्यांनी सलाईनची सुई उपसून काढली आणि कॉटवरून उतरू लागल्या. "म्हशीची धार राहिलीय," म्हणाल्या. म्हैस विकून वीस वर्षं झाली होती. मुलगा पार हबकला. "डॉक्टर, परवापर्यंत घरचा सगळा हिशोब हीच बघत होती."

याला जुनी माणसं 'वातात बरळणं' म्हणत. वैद्यकात त्याला डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने, हळूहळू वाढतो. डिलिरियम मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उभा राहतो, आणि त्यात चढउतार असतात. सकाळी राउंडच्या वेळी पेशंट शहाण्यासारखं बोलतो, रात्री पोटच्या मुलाला ओळखत नाही. म्हणून नातेवाईक "काहीतरी बिघडलंय" म्हणाले, की मी ते खरं मानते. माणसाचा मूळ स्वभाव त्यांनाच ठाऊक असतो.

आरडाओरडा करणाऱ्या पेशंटकडे निदान लक्ष तरी जातं. मला जास्त काळजी वाटते ती गप्प पडून राहणाऱ्यांची. डिलिरियमचा हा दुसरा चेहरा. आजोबा जेवत नाहीत, हाक मारली तर डोळे उघडतात, पुन्हा मिटतात. वॉर्डात सगळ्यांना वाटतं, दमलेत, झोपू द्या. आत न्यूमोनिया वाढत असतो.

ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे: रविवारपासून उलटे वार विचारायचे. डिलिरियममध्ये सगळ्यात आधी घसरतं ते लक्ष. माणूस शुक्रवारपर्यंत येतो आणि तिथेच हरवतो. त्यासाठी शाळा शिकलेली असावी लागत नाही.

मेंदूत असं का होतं, याचं पूर्ण उत्तर अजून हाती नाही. लक्ष आणि स्मरण सांभाळणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचा तुटवडा हा त्यातला एक मोठा धागा मानला जातो. उतारवयात त्याची शिल्लक आधीच कमी असते. अशा वेळी सर्दी-खाजेची साधी वाटणारी क्लोरफेनिरामाइनसारखी गोळी त्याचंच काम अडवते. याखेरीज लघवीचा जंतुसंसर्ग, घसरलेलं सोडियम, तुंबलेलं पोट, न सांगितलेली वेदना यांतलं काहीही पुरतं. म्हणूनच "वय झालं, चालायचंच" हे वाक्य मला सहन होत नाही. झोपेचं इंजेक्शन देऊन किंवा हात बांधून कारण सापडत नाही, उलट गोंधळ वाढू शकतो.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शॅरन इनूये यांनी 1999 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या 852 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या वॉर्डात 15 टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. त्यांनी आखलेल्या पद्धतीच्या वॉर्डात 9.9 टक्क्यांना. त्या पद्धतीत नवं औषध एकही नव्हतं. फळ्यावर आजचा दिनक्रम आणि काळजी घेणाऱ्यांची नावं, पेशंटला रोज उठवून चालवणं, वेळेवर पाणी, चष्मा आणि कानाचं मशीन हाताशी, रात्री गोळीऐवजी गरम दूध आणि पाठ चोळून देणं. एकदा डिलिरियम सुरू झाल्यावर मात्र या उपायांनी त्याची तीव्रता फारशी कमी झाली नाही. म्हणजे हे सगळं करायचं ते ॲडमिशनच्या पहिल्या दिवसापासून.

आणि आपल्याकडे पहिल्या दिवशी काय होतं? "हरवेल" म्हणून चष्मा, कानाचं मशीन, कवळी डब्यात भरून घरी जाते. आजींचंही तेच झालं होतं. अंधूक दिसतंय, ऐकू येत नाही, रात्रभर दिवे लखलखताहेत आणि कुणी अनोळखी येऊन हात धरतंय. घाबरणार नाहीत तर काय!

मी पोटाला हात लावला, तर लघवी तुंबून बेंबीपर्यंत फुगलं होतं. नळी घालून ती काढली, आणि गरज संपताच नळीही काढून टाकली. सकाळी सूनबाई डबा परत घेऊन आल्या. मावशींनी चष्मा पुसून आजींच्या डोळ्यांवर चढवला, मशीन कानात बसवलं. त्या दिवशी वार बुधवारवर अडले. चौथ्या दिवशी सोमवारपर्यंत आले, आणि आजींनी विचारलं, "माझी कवळी कुठंय? भाकरी खायचीय."