भाकरी, जर्मलचं पातेलं आणि इंडक्शनची शेगडी

विजेच्या शेगडीचा विषय निघाला की "बायकांची चुलीची सवय सुटत नाही" हे वाक्य हमखास येतं. २०२३ मध्ये देशभर २० लाख इंडक्शन शेगड्या पोचवायचा सरकारी कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हाही हेच ऐकू आलं. मराठवाड्यात शेगडी माळ्यावर का जाते हे शोधायचं असेल, तर सवयीआधी घरातली भांडी पालथी घालून पाहावीत.

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. त्यातला प्रवाह सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा उलटसुलट होतो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात. गंमत अशी, की हे प्रवाह बुडाच्या पूर्ण जाडीत पसरत नाहीत, खालच्या थरातच दाटतात. २५ हजार हर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये हा थर अर्धा मिलिमीटर, तर लोखंडात जेमतेम ०.०७ मिलिमीटर, कारण लोखंडाची चुंबकीय पार्यता, म्हणजे चुंबकीय क्षेत्र स्वतःत ओढून घेण्याची क्षमता, शेकडो पट आहे. वाट अरुंद, वर लोखंडाची रोधकताही (प्रवाहाला अडवण्याचा गुण) जास्त. दोन्ही मिळून लोखंडी बुडाचा रोध पंचवीसेक पट होतो, आणि तेवढ्याच प्रवाहाला उष्णताही तेवढ्या पट. म्हणून जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं ठेवलं की शेगडी नुसती टीं टीं करते. बुडाला चुंबक घट्ट चिकटला तर भांडं चालेल, एवढी परीक्षा पुरे. (हे क्षेत्र अन्न 'निसत्त्व' करतं ही अफवाच. त्याचे परिणाम बुडाच्या धातूत होतात; डाळीला फक्त उष्णता मिळते.)

भाकरीचा तवा तर लोखंडीच, तरी तो फसतो. खोलगट तवा मध्येच काचेला टेकतो, कडा बोटभर वर राहतात आणि तिथे क्षेत्र फार क्षीण होतं. सपाट तवा घेतला तरी वेटोळं भाकरीहून लहान, आणि लोखंड उष्णता आडवी पसरवण्यात ॲल्युमिनियमच्या जेमतेम पाव. मग भाकरीवर मध्ये करपलेलं कडं उमटतं, काठ कच्चे. शिवाय भाकरी फुगवायला आर नाही की जाळ नाही. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा सपाट तवा मध्यम आचेवर पाचेक मिनिटं तापवला आणि भाकरी फडक्याने दाबत फिरवली, तर बरंच जमतं.

पुढची अडचण वायरीत. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला ८.७ ॲम्पिअर ओढते. पंख्याच्या ६ ॲम्पिअरच्या प्लगात ती लावली की पिना काळ्या पडतात. १६ ॲम्पिअरचा प्लग, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि अर्थिंग हवंच. रब्बीत पंप सुरू झाले, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) ताण आला आणि व्होल्टेज १८०वर आलं, तर साध्या कॉइलच्या शेगडीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटून ६१ टक्क्यांवर येते. इंडक्शन ठरावीक मर्यादेखाली सरळ बंद पडतं.

हे सगळं माहीत नसलेला सर्वेक्षक "शेगडी आवडेल का?" विचारतो आणि पाहुण्याला "हो" म्हणायची आपली रीत. त्यापेक्षा दोन-दोन पर्यायांची कार्डं दाखवावीत: एक स्वस्त, पण भाकरी होत नाही, दुसरी महाग, पण कमी व्होल्टेजवर चालते, आणि तिसरं कार्ड 'दोन्ही नको'. अशा सात-आठ जोड्यांतल्या निवडींवरून भाकरीसाठी घर किती रुपये जास्त मोजेल, हे गणिताने काढता येतं. पैसे पुरुषाच्या हातात आणि तवा बाईच्या, म्हणून दोघांना वेगवेगळं विचारायचं. नंतर आठवडाभर सिलिंडर रोज वजनकाट्यावर ठेवायचा आणि शेगडीच्या प्लगला मीटर लावायचा, म्हणजे सांगितलेलं आणि प्रत्यक्ष वापरलेलं ताडून पाहता येतं.

खर्चाचा आकडाही कार्डावर नीट हवा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट ऊर्जा असते. गॅसची शेगडी त्यातली ६८ टक्के वापरते असं धरलं, तर तेवढाच स्वयंपाक ८५ टक्के कार्यक्षम इंडक्शनवर साधारण १४५ युनिटांत होतो. त्याला बिलाच्या वरच्या स्लॅबचा दर लावायचा, कारण वाढीव युनिट तिथेच पडतात. आणि चुलीच्या तुराट्या-पऱ्हाट्यांसमोर शून्य लिहायचं नाही. त्या वेचून, बांधून आणायला लागलेले तास लिहायचे.