डागाशिवाय जोडलेले रवे

चांदीची बारीक तार कातरीने तिळाएवढी तोडायची, कोळशाच्या भुकटीत पसरायची आणि ताव द्यायचा. वितळला की प्रत्येक तुकडा आपसूक गोल होतो, साचा लागत नाही. ही बारीक गोळी म्हणजे रवा. रवा करणं एवढं सोपं आहे. अवघड आहे तो पत्र्यावर बसवणं. नेहमीचा डाग, म्हणजे जोडकामाचा लवकर वितळणारा धातू, लावला तर तो वितळून रव्यांच्या फटींत शिरतो आणि सगळ्या नक्षीचा लगदा होतो.

इटलीत चेर्वेतेरीला 1836 मध्ये रेगोलिनी-गलास्सी थडगं उघडलं. त्यात इ.स.पू. सातव्या शतकातले इट्रुस्कन, म्हणजे इटलीतल्या एका प्राचीन संस्कृतीचे, सोन्याचे दागिने निघाले, त्यांवर बारीक रव्यांच्या रांगा. रोमचं कास्तेल्लानी हे सोनारांचं घराणं वर्षानुवर्षं या कामाच्या मागे लागलं. मार्के प्रांतातल्या सांत-आंजेलो-इन-वादो गावचे कारागीरही त्यांनी रोमला आणले. दागिने देखणे झाले, पण तो बारीकपणा काही साधला नाही.

उकल आली 1933 मध्ये, इंग्लंडच्या एच. ए. पी. लिटलडेल यांच्या पेटंटमधून. तांब्याचा क्षार डिंकात किंवा सरसात कालवायचा, त्याने रवे चिकटवायचे आणि तापवायचं. डिंकाचा कोळसा होतो आणि तो क्षारातलं तांबं मोकळं करतो. चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते, तांबं 1085 ला. पण 72 भाग चांदीत 28 भाग तांबं मिसळलं की 779 लाच पाणी होतं. म्हणून रवा जिथे पत्र्याला टेकलाय तेवढाच ठिपका पाझरतो, बाकीची चांदी घट्ट राहते. पत्रा लाल होतो, त्यावरून ओलसर चकाकी सरकते, त्याच क्षणी ज्योत बाजूला घ्यायची. जरा उशीर झाला की रवे वितळून पत्र्यात बुडालेच.

गंमत म्हणजे हा मसाला रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवला होता. सायप्रसच्या तांब्याचा हिरवा गंज, लहान मुलाची लघवी आणि सोडा, सगळं तांब्याच्याच खलात घोटलेलं. लघवीशी आल्यावर वाचणाऱ्यांनी ती ओळ हसण्यावारी नेली असावी, असा आपला माझा अंदाज. बाराव्या शतकात कारागिरीवर ग्रंथ लिहिणारा थिओफिलसही सोन्याच्या सांध्यासाठी जाळलेलं तांबं सांगतो.

हे काम करायचं तर चांदी शुद्धच हवी. 92.5 टक्क्यांच्या चांदीत तांबं आधीपासूनच असतं आणि ती 800 अंशांच्या आसपासच वितळू लागते. मग सांधा जुळणं आणि पत्राच वितळू लागणं यांत हाताशी जेमतेम वीस अंश उरतात.